सांगलीतला एक तबला क्लास आणि त्याच्या फ्लेक्सवरचा मेंदू

शंभरफुटी रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा तबला क्लास चालतो. बहिणीचा मुलगा जूनपासून तिथं जातोय, तिसरीत आहे. त्याला सोडायचं-आणायचं काम माझ्याकडं आलंय. क्लास सुटेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसून जे ऐकलं, पाहिलं त्यावरनं हे लिहितेय. क्लासचं नाव देत नाही, कारण सरांना विचारलेलं नाही. तबला शिकायचा असेल तर डोळे झाकून जा. पोराचं वाचन सुधारावं, बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून जाणार असाल, तर खालचं वाचून मग ठरवा.

आधी सरळ माहिती. फी महिन्याला ७०० रुपये, आठवड्यातनं तीन दिवस, पाऊण तास. एका बॅचला दहा-अकरा मुलं. सुरुवातीला क्लासचाच तबला-डग्गा वापरायचा. घरी सरावाला लाकडी पाट चालतो असं सर म्हणतात आणि खरंच चालतो, शेजारी सोडले तर कुणाची तक्रार नाही. सर साठीच्या आसपासचे, मिरजेत शिकलेले, दर्ग्यातल्या संगीत सभेत साथीला बसलेले. आवाज चढवत नाहीत. एखाद्या पोराचं चुकलं तर त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत, नुसता स्वतःचा हात थांबवतात. पोराला कळतं.

दारावर मात्र फ्लेक्स आहे. त्यावर अर्धा निळा, अर्धा केशरी मेंदू, मेंदूला हेडफोन आणि खाली ओळ: ‘तबला शिका, भाषा सुधारा! वाचन, पाठांतर, एकाग्रता यांत हमखास वाढ. संशोधनाने सिद्ध!’ हा फ्लेक्स सरांच्या पुतण्यानं करून लावलाय. सरांना विचारलं तर हसले. “ते पोरांचं काम हाय मॅडम. मी आपला धा-धिं शिकवतो.” एवढ्यावर विषय संपला असता. पण पालक येतात ते फ्लेक्स वाचून. कट्ट्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या निम्म्या आया पोरगं अडखळत वाचतंय म्हणून आल्यात. आणि माझं पोट कानावरच चालतं, त्यामुळं गप्प बसवेना.

मी मिरजेत एका दवाखान्यात कानाच्या तपासण्या करते. ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते), टिंपॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते) आणि तान्ह्या बाळांची बेरा. बेरा ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाळ झोपलेलं असतं, कपाळावर आणि कानांमागं चिकटवलेल्या वायरी, कानात ‘टक टक टक’ असा आवाज. प्रत्येक टकीला कानापासून मेंदूच्या देठापर्यंतच्या वाटेवर एक बारीकशी विजेची लहर उमटते. एकटी लहर दिसत नाही, म्हणून हजारेक टकींची सरासरी काढायची. मग पडद्यावर पहिल्या दहा मिलिसेकंदांत ओळीनं पाच लाटा दिसतात. आम्ही पाचवी शोधतो. मोठ्या माणसात ती साधारण साडेपाच ते सहा मिलिसेकंदांच्या दरम्यान येते. ती मिळाली की आई-बापांचे चेहरे सैल होतात.

फ्लेक्सवरचं ‘संशोधनाने सिद्ध’ ज्या संशोधनातनं आलंय, ते याच वायरींचं आहे. टकीच्या जागी बोललेलं अक्षर लावायचं, ‘दा’ म्हणा. मेंदूची लहर त्या अक्षराच्या आवाजासारखीच हेलकावे घेते. इतकी सारखी, की ती लहर परत आवाजात बदलून ऐकवली तर बोललेलं अक्षर पुसटसं ओळखू येतं. अमेरिकेतल्या नीना क्राउस यांच्या प्रयोगशाळेनं यावर खूप काम केलं. २००७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी इंग्लिश बोलणाऱ्या, चिनी अजिबात न येणाऱ्या लोकांना चिनी भाषेतला ‘मी’ हा उच्चार वेगवेगळ्या सुरांत ऐकवला. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. ज्यांनी वर्षानुवर्षं वाद्य वाजवलं होतं, त्यांच्या मेंदूची लहर त्या सुराच्या मागं जास्त नेटकी धावली. शब्दांशी संबंध नसलेलं शिक्षण, आणि परिणाम मात्र परक्या भाषेच्या आवाजावर. कुणालाही आवडेल अशी गोष्ट. एकूण माणसं वीस होती.

थांबा, पुढचं नंतर सांगते. आधी आत काय चालतं ते.

पहिला ताल दादरा. सुरुवातीचे तास तबल्याला हातच लावू देत नाहीत. मांडी घालायची, हातावर टाळी आणि खाली (म्हणजे टाळी न देता हात नुसता मोकळा सोडायचा) द्यायची आणि म्हणायचं: धा धी ना, धा ती ना. पोरं कंटाळतात. एकानं तर दुसऱ्याच तासाला “सर, वाजवायचं कधी?” म्हणून विचारलं. सर म्हणाले, “आधी बोल तोंडात बसू दे, हात आपोआप येतोय बघ.”

मग तबला समोर येतो आणि खरी गंमत सुरू होते. धी आणि ती, या दोन्हींत उजव्या हाताचं काम सारखंच. फरक सगळा डाव्या हाताच्या डग्ग्यात. धी ला डग्गा घुमला पाहिजे, ती ला गप्प राहिला पाहिजे. नवीन पोरगं सहाच्या सहा मात्रांना डग्गा घुमवतं, कारण घुमवायला मजा येते. भाच्यानंही तेच केलं. सर त्यावर एक खेळ घेतात. मुलांना पाठमोरं बसवतात, स्वतः एकच बोल वाजवतात आणि विचारतात, “धी का ती?” सोपं वाटतं. मग डग्ग्यावरचा हात हलका करत नेतात, इतका हलका की मनगट नुसतं टेकल्यासारखं. मग वेग वाढवतात. मुलं माना वाकड्या करून, डोळे मिटून ऐकतात. शेवटी शेवटी मलाही बाहेर कट्ट्यावर ओळखू येत नाही, आणि आतनं दोन-तीन पोरं बरोबर ओरडतात.

हे बघून माझ्यातली कानवाली जागी झाली. गळ्यावर बोट ठेवून ‘दी’ म्हणा आणि मग ‘ती’ म्हणा. दी ला बोटाखाली सुरुवातीलाच थरथर लागते, ती ला जरा मागनं येते. शाळेत व्याकरणात याला घोष-अघोष म्हणून पाठ करून घेतात. आवाज मोजायला बसलं तर या दोन अक्षरांतलं अंतर म्हणजे कंठ कधी थरथरायला लागतो त्यातला मिलिसेकंदांत मोजायचा फरक. ज्या मुलांना श्रुतलेखनात त आणि द, प आणि ब यांचा घोळ होतो, त्यांतल्या काहींची अडचण नेमकी इथं असते. अक्षर येत असतं, पण आवाजाच्या कडा कानाला धूसर वाटतात. आणि सर पत्र्याच्या शेडमध्ये, एक शब्द न बोलता, त्याच कडेवर पोरांचा कान घासून घेत होते. डग्गा घुमला की घोष, दबला की अघोष. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, “असेल की. आमच्या गुरुजींनी असंच घेतलं, म्हणून मी घेतो.”

फ्रान्समध्ये मार्सेयला याच कडेवर प्रयोग झालाय. आठ ते दहा वर्षांच्या मुलांचे दोन गट, एकाला संगीत, दुसऱ्याला चित्रकला. चित्रकलेचा गट महत्त्वाचा, कारण नवीन काहीही शिकवलं, मायेनं लक्ष दिलं, तरी पोरं थोडी पुढं सरकतातच. तो भाग वजा करायचा असतो. डोक्याला वायरी लावून मुलांना एकसारखी अक्षरं ऐकवली आणि मधेच एखादं बदललेलं टाकलं. पोराचं लक्ष नसलं तरी मेंदू दचकतो का, हे बघायचं. २०१४ साली त्यांनी निष्कर्ष छापला. कंठाची थरथर कधी सुरू होते त्यातला बदल आणि अक्षराच्या लांबीतला बदल, हे दोन्ही संगीताच्या गटाच्या मेंदूला जास्त जाणवायला लागले, चित्रकलेच्या गटाला नाही. पण बारा महिन्यांनी. कट्ट्यावरच्या एका आईनं ऑगस्टमध्येच पोराला काढून घेतलं, “फरक काहीच नाही” म्हणून. फ्लेक्सवर ‘हमखास’ लिहिलंय, ‘कधी’ ते लिहिलेलं नाही.

दुसरा प्रयोग बीजिंगचा, २०१८ चा. बालवाडीतली ७४ मुलं, तीन गट: एक पियानो, एक जादा वाचन, एक काहीच नाही. पियानोचा तास आठवड्यातनं तीनदा, पाऊण तास. वेळापत्रक अगदी आमच्या सरांचंच. सहा महिन्यांनी, एका व्यंजनानं वेगळे पडणारे शब्द ओळखण्यात पियानोची मुलं वाचनाच्या मुलांपेक्षाही सरस निघाली. हे मला फार आवडलं होतं. पण त्याच निबंधात हेही आहे, की बुद्ध्यांक, लक्ष आणि तात्पुरती स्मरणशक्ती यांत तिन्ही गट सारखेच. फ्लेक्सवर काय लिहिलंय? पाठांतर, एकाग्रता. म्हणजे जे सापडलं ते फ्लेक्सवर नाही आणि फ्लेक्सवर आहे ते सापडलेलं नाही.

आता मघाचं अर्धवट राहिलेलं. २००७ नंतर ‘वादकांचा मेंदू अक्षर जास्त स्वच्छ पकडतो’ हे सगळीकडं पक्कं धरलं गेलं, व्याख्यानांत, पुस्तकांत, आणि हळूहळू आमच्या शंभरफुटीवरच्या फ्लेक्सपर्यंत. मग सहा ठिकाणच्या प्रयोगशाळा एकत्र आल्या, काय मोजणार ते आधीच लिहून ठेवलं आणि अडीचशेहून जास्त लोकांवर तेच प्रयोग पुन्हा केले. गोंगाटातलं ‘दा’ आणि सूर बदलणारा उच्चार, दोन्ही. २०२५ साली निकाल छापून आला. वाजवणारे आणि न वाजवणारे यांच्या त्या सुरुवातीच्या लहरींत फरक नाही. कितव्या वर्षी शिकायला लागले, किती वर्षं शिकले, कशाचाच संबंध लागला नाही. वीस माणसांत दिसलेली गोष्ट अडीचशेंत विरून गेली. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. बाळानं मान हलवली तरी पडद्यावर पाचवी लाट दिसल्यासारखी वाटते, म्हणून तर आम्ही दोनदा नोंद घेतो.

त्याआधी २०२० मध्ये साला आणि गोबे या दोघा संशोधकांनी मुलांवरचे संगीत-शिक्षणाचे ५४ अभ्यास, मिळून जवळजवळ सात हजार मुलं, एकत्र मांडली होती. जिथं मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटली होती आणि दुसऱ्या गटालाही काहीतरी शिकवलं होतं, तिथं अभ्यासातला आणि बुद्धीतला फायदा जवळजवळ शून्यावर आला. कच्च्या अभ्यासांत मात्र थोडासा फायदा दिसला होता.

कट्ट्यावर हे सांगितल्यावर एक बाबा वैतागले. “म्हणजे पैसे वायाच म्हणा की.” तसं नाही. अक्षरांचे बारीक फरक ऐकण्यापुरता काही मुलांना थोडा हातभार लागत असेल, वर्षभर नेटानं केलं तर. मार्सेय आणि बीजिंगचे आकडे त्या बाजूला झुकतात. पण तिथनं अख्खं वाचन, निबंध, परीक्षेतले गुण इथपर्यंत उडी मारायला मधे पूल नाही. आणि ७०० रुपयांत पोराला दादरा, केरवा, वर्षभरात त्रिताल नीट यायला लागतो, तेवढं पुरेसं नाही का? सांगलीला नाट्यपंढरी म्हणून मिरवायचं आणि तबल्याला गुणपत्रिकेचा आधार शोधायचा, हे मला जरा खटकतं.

आता एक पेच, जो फ्लेक्सवाल्याच्या लक्षात यायचं कारण नाही. परदेशातले हे प्रयोग पियानोवर आणि समूहसंगीताच्या तासांवर झालेत. तबला हे वाद्यच निराळं. पियानोच्या पट्टीला तोंडानं म्हणायचा स्वतःचा बोल नाही. तबल्याला प्रत्येक आघाताला अक्षर आहे आणि ते आधी तोंडात, मग हातात. मग याला शब्दांशी संबंध नसलेलं शिक्षण म्हणायचं का? अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन या संशोधकांनी २००३ साली नेमकं हेच तपासलं होतं, तबल्याचे बोल आणि तबल्याचे नाद शेजारी शेजारी ठेवून. बोल हे नुसते ठरवून दिलेले नाहीत, उच्चाराचा आवाज आणि आघाताचा आवाज यांत मोजता येणारं साम्य आहे. तबल्याची ओळख नसलेल्या माणसांनाही कुठला बोल कुठल्या नादाचा, याच्या जोड्या बऱ्यापैकी लावता आल्या. म्हणजे आमच्या पोरांच्या बाबतीत उद्या उच्चार सुधारलेच, तर ते हातानं सुधारले, कानानं का रोजच्या पढंतीनं (तोंडानं बोल म्हणण्यानं), हे सोडवता येणार नाही. शेजारच्या खोलीत पेटीचा क्लास असता तर मी दोन्हीकडच्या पोरांची श्रुतलेखनं मागून घेतली असती, खोटं कशाला सांगू.

आणि हातच म्हणाल तर, संगीताचा संबंधच नसलेला एक प्रयोग ऐका. लियॉनचे शास्त्रज्ञ, २०२१. मोठ्या माणसांना तीस सेंटिमीटर लांबीची पक्कड दिली आणि बारीक खुंट्या फळीच्या भोकांत बसवायला लावल्या. त्याच्या आधी आणि नंतर वाक्यं वाचायला दिली. ‘जो शास्त्रज्ञ कवीला मानतो तो लेख लिहितो’ हे सोपं. ‘ज्या शास्त्रज्ञाला कवी मानतो तो लेख लिहितो’ इथं जरा अडखळायला होतं, कोण कुणाला मानतो? पकडीचं काम केल्यावर हे दुसऱ्या जातीचं वाक्य लोकांना जास्त चांगलं कळलं. नुसत्या हातानं तेच काम करणाऱ्यांना हा फायदा नाही. उलटंही झालं, अवघड वाक्यांचा सराव केल्यावर पक्कड सुधारली. मेंदूच्या आत खोलवर गाठींसारखा एक भाग आहे, हालचालींची सांगड घालणारा, तो दोन्ही कामांत एकाच जागी उजळत होता. सुंदर प्रयोग. पण हा फरक त्याच बैठकीत मोजलेला आहे. नाहीतर एव्हाना कुपवाड एमआयडीसीतले सगळे फिटर व्याकरणाचे पंडित झाले असते आणि त्यांच्या दारावरही अर्ध्या निळ्या, अर्ध्या केशरी मेंदूचा फ्लेक्स लागला असता.

त्या निळ्या-केशरीबद्दलही. “डावा मेंदू भाषेचा, उजवा संगीताचा, तबल्यानं दोन्ही जागे होतात” असं एक आई मला समजावत होती. ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८६१ मध्ये वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू बघून भाषेची जागा दाखवली, ती बहुतेकांत डावीकडं असते, इथवर ठीक. पण झोपलेला आणि जागा असा अर्धा मेंदू नसतो. हां, ज्यांचा डावा भाग पक्षाघाताच्या झटक्यानं खरंच निकामी झालाय, असे लोक आमच्या मिरजेत रोज येतात. पाणी हवंय हे सांगता येत नाही, पण आरती सुरू केली की शब्द घडाघडा बाहेर. नातेवाईक रडायला लागतात. यावरनंच १९७३ साली बोस्टनच्या तिघांनी एक उपचार मांडला. रोजची वाक्यं दोन सुरांत गुणगुणायची, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातानं ठेका धरायचा, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा. पण ते काम स्पीच थेरपिस्टचं, रुग्ण बघून, पायऱ्या ठरवून. कुणाच्या आजोबांना त्यासाठी तबला क्लासला आणू नका. एकांना आणलं होतं, सरांनी चहा पाजून प्रेमानं परत पाठवलं.

आता माझी खरी तक्रार. पोरगं अस्पष्ट बोलतंय, अक्षरं गाळतंय, हाक मारली तर वळत नाही, म्हणून क्लासला घालतात आणि कान कुणी तपासलेला नसतो. बॅचमधला एक मुलगा ‘धी का ती’ खेळात कायम चुकायचा. तो डावा खांदा पुढं करून ऐकायचा, ते माझ्या नजरेत भरलं. आईला विचारलं, सर्दी सतत असते का, टीव्ही मोठा लावतो का. दोन्हीला हो. म्हटलं, आधी कान दाखवा. टिंपॅनोमेट्रीचा आलेख सपाट आला, कानाच्या पडद्यामागं पाणी. या वयात हे सर्रास आढळतं. बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं, कधी डॉक्टरांना काढावं लागतं. तोवर पोराला सगळं उशीमागनं आल्यासारखं ऐकू येतं. अशा पोरानं त आणि द ओळखावा तरी कसा? त्याला वर्षभर तबला वाजवून जे मिळालं नसतं, ते पाणी उतरल्यावर मिळालं. सरांना हे पटलं, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे. आता नवीन पोरगं आलं की सर पहिल्याच दिवशी विचारतात, “कान बघितलाय का हो याचा?” फ्लेक्सवर ही ओळ घाला म्हटलं तर पुतण्या म्हणाला, जागा नाही.

दुसरी तक्रार आवाजाची. वर पत्रा, खाली फरशी, भिंती उघड्या, आणि दहा-अकरा तबले एकदम. एके दिवशी मी दवाखान्यातलं मोजयंत्र घेऊन गेले. मध्यभागी काटा नव्वदीच्या वर, सगळ्यांनी मिळून तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले, तेव्हा आणखी वर. कामाच्या जागी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. मुलांच्या पाऊण तासाला धोका म्हणता येणार नाही. पण सर दुपारी चार ते रात्री साडेआठ तिथंच बसतात, आणि त्यांना फोनवर बोलताना मी बघते. मोबाइल उजव्या कानाला लावतात आणि लगेच डाव्याला बदलतात. तपासणीला या म्हणून मागं लागलेय, येत नाहीत. निदान मागच्या भिंतीला जुन्या गोधड्या टांगल्या आहेत आणि फरशीवर जाड सतरंज्या आल्या आहेत. फरक पडलाय. डग्ग्याचा घुमार आता पत्र्याचा न वाटता डग्ग्याचा वाटतो.

भाच्याचं वाचन सुधारलं का, हे बहीण मला विचारते. सुधारलंय. पण शाळेत बाई रोज एक उतारा मोठ्यानं वाचून घ्यायला लागल्यात, घरी बहीण रात्री गोष्ट वाचून घेते, आणि पोरगं सहा महिन्यांनी मोठं झालंय. यातलं किती कशाचं, ते मी तबल्याच्या खात्यावर टाकणार नाही. तबल्याच्या खात्यावर टाकायचं ते एवढंच, की जेवायला बसल्यावर ताटावर बोटं चालू असतात, खाली आली की डावा हात बरोब्बर उचलला जातो, आणि आई रागावली की तो म्हणतो, “आई, सम येऊ दे की.”

लहान मुलांची बॅच सहाची आहे. पाचची धरू नका, त्यात परीक्षेची पोरं असतात आणि सर त्यांच्यात गुंततात. गांधर्व मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवतात, पण दोन वर्षांच्या आत नाही, घाई केली तर सरळ नको म्हणतात. स्वतःचा तबला घ्यायची वेळ आली की मिरजेला सरांना बरोबर न्या. पुडी (वरचं चामडं) आणि शाई (त्यावरचा काळा गोल) ते बोटानं टिचकी मारून सांगतात, आणि दुकानदार त्यांच्यासमोर जास्त बोलत नाही. जोराचा पाऊस असेल तर पत्र्याखाली काही ऐकू येत नाही, तास रविवारी घेतात, म्हणून फोन करूनच निघा. गाडी गल्लीत लावू नका. समोरचे काका हवा सोडतात.